सहा चाळीसची नोंद

परबसायबांच्या शोकसभेत मी बटाटावडा खाल्ला. अख्खा खाल्ला, चटणी लावून. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की हा माणूस दुःखाने कोसळला होता. तसं काही नव्हतं. मला काहीच होत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई मारतो आणि गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

दिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा औषधांचा कारखाना आहे. मी रामचंद्र, राहणार दोडामार्ग, अकरा वर्षं तिथे रात्रपाळीचा वॉचमन. सगुण परब आमचे सिक्युरिटी सुपरवायझर. पेडण्यातल्या पार्से गावचे. बावीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मग आमच्या गेटवर आले. कारखान्याच्या मॅनेजरला आम्ही सर म्हणायचो, पण सायब म्हटलं की ते परबच.

सभा कॅन्टीनमध्ये होती. फोटोला झेंडूचा हार. भाषणं चालली होती आणि मला एकेकाचा राग येत होता. हेल्मेट नाही म्हणून सायबांनी ज्या स्टोअरकीपरला तीनदा गेटवरून परत पाठवलं आणि ज्याने त्यांना ‘पलटणीतलं भूत’ असं नाव ठेवलं, तो रुमाल डोळ्यांना लावून ‘पितृतुल्य’ म्हणत होता. पॅकिंगमधल्या भाग्यलक्ष्मीने मात्र खरं सांगितलं. तिची सासू निवृत्त झाली त्या दिवशी सायबांनी सगळ्या वॉचमनना गेटवर रांगेत उभं केलं आणि झाडू मारणाऱ्या त्या बाईला कडक सॅल्यूट ठोकला. जो कोणी निवृत्त होईल त्याला हा सॅल्यूट मिळायचाच. सासू अजून सांगते म्हणे, लग्नात नव्हता तेवढा मान त्या दिवशी मिळाला. एवढं बोलून ती खाली बसली.

मग एचआरच्या तनयामॅडम उठल्या. त्यांच्या हातात गेटवरची नोंदवही होती.

“त्यांच्या शेवटच्या सकाळची ही नोंद आहे,” त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या. “सहा चाळीस. सुपरवायझर हजर. राउंड पूर्ण. सर्व ठीक.” त्यांनी वही मिटली. “शेवटपर्यंत त्यांनी आपलं काम पुरं केलं. काम पुरं करूनच ते गेले.”

लोक मुसमुसले. माझ्या शेजारी दिवसपाळीचा वॉचमन स्वप्नील बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ते अक्षर माझं होतं.

सायबांची पद्धत अशी की ते कधी सरळ गेटने येत नसत. मागच्या भिंतीला कॅमेरा नाही, म्हणून स्कूटर मागे लावायची, भिंतीच्या बाहेरून काजूच्या झाडांखालून चालत यायचं, कुंपण, पत्रे, गटाराची जाळी, सगळं बघायचं, आणि बरोबर सहा चाळीसला पुढच्या गेटवर हजर. हातात पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम उंडे, रात्रपाळीवाल्यांसाठी. मग विचारायचे, “रिपोर्ट?” मी सांगायचो आणि नोंद करायचो. दोडामार्गची बस पावणेसातला. ती चुकली की पुढची तासाने.

त्या दिवशी सहा वीसला मी मागे स्कूटरचा आवाज ऐकला. सायब आले. रोज येतात तसे आले. मी वही ओढली आणि सहा चाळीसची नोंद लिहून टाकली. सहा चाळीस झाले, सायब दिसले नाहीत. तेवढ्यात स्वप्नील आला. “सायब मागे आसत, येतत,” असं त्याला सांगून मी बसकडे धावलो. वहीत लिहिलंय म्हटल्यावर त्यानेही शोधलं नाही. साडेनऊला माळ्याला ते सापडले, भिंतीच्या मागे, काजूच्या झाडाखाली. स्कूटरच्या हुकाला उंड्यांची पिशवी तशीच लटकत होती. मी तेव्हा घरी झोपलो होतो.

हार्ट अटॅक मोठा होता. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी कदाचित काही झालं नसतं. बारा दिवस मी हा ‘कदाचित’ शब्द जिभेवर घोळवत होतो.

आणि मला शिकवलेलं नव्हतं असंही नाही. तीन वर्षांपूर्वी मी असंच एक कुलूप न बघता ‘तपासले’ लिहिलं होतं. सायबांनी ते कुलूप उघडं काढून माझ्यापुढे ठेवलं. मी घाईघाईने शाईने शब्द गिरवून झाकायला लागलो तर हात धरला. “खाडाखोड नाय. एकच रेघ मारायची. खालचा वाचूक होया, काय चुकलंय तां. बाजूक खरां लिवायचा आणि सही.” मग जरा वेळाने म्हणाले, “फौजेत आसताना वरच्या पोस्टवर एका पोराने असाच आधी लिवन ठेवल्यान, सब ठीक. दुसऱ्या दिवशी तेका मीच खाली आणलंय.” पुढे त्यांनी काही सांगितलं नाही आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही.

सभा संपल्यावर तनयामॅडमनी मला बोलावलं. त्या पानाची मोठी प्रत काढून, काच लावून, सोनेरी चौकटीत बसवली होती. “तुम्ही सगळ्यात जुने. उद्या त्यांचा बारावा आहे ना? कंपनीतर्फे तुम्हीच घरी द्या.” मी हो म्हटलं. तेव्हा मला दगड उचलायला सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

म्हापशाला बस बदलून पार्सेला गेलो. फ्रेम मांडीवर उभी धरावी लागली. शेजारच्या बाईने विचारलं, “देवाचो फोटो?” मी म्हटलं, “नाय, वहीचो.” ती जरा सरकून बसली. बाहेर माडांच्या बागा, काजूची भाटं सरकत होती आणि काचेत माझंच तोंड दिसत होतं, माझ्याच अक्षरावर.

घरी पंगत उठली होती. पाहुणे निघाले होते. चंद्रावतीकाकी, म्हणजे सायबांची बायको, ओसरीच्या सोप्यावर भिंतीला टेकून बसली होती. सायबांच्या कदेलीवर, त्यांच्या खुर्चीवर, कुणी बसलेलं नव्हतं. मी फ्रेम तिच्यापुढे ठेवली आणि कंपनीने काय सांगायला सांगितलं होतं ते पोपटासारखं सांगितलं. तिने काच पदराने पुसली. बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

“राउंड पूर्ण,” ती म्हणाली. “ह्या कोणी लिवलां?”

“मी लिवलंय, काकी.”

“तू बघलंस तेंका? इल्ले ते गेटार?”

नोंदवहीने एक खोटं सांगितलं होतं, आता माझ्या तोंडाने दुसरं सांगायचं होतं. ‘होय’ म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. तिला समाधान, कंपनीला समाधान, आणि माझी नोकरीही शाबूत.

“नाय,” मी म्हटलं. “बघूक नाय. स्कूटरचो आवाज आयकलंय आणि आधीच लिवन टाकलंय. माका बस गाठूची होती. मी लिवलंय म्हणान कोणी सोदूक गेलो नाय. तीन तास.”

आवाज माझाच होता, पण कुणी दुसराच हिशोबाने बोलतोय असं वाटत होतं. मी वाट बघत होतो की आता ती ओरडेल, पायातलं काढून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. निदान लागलं असतं.

ती ओरडली नाही.

“माका म्हायत होता,” ती म्हणाली.

मला कळेना.

“राउंड पुरो झालो की ते माका मिसकॉल देयत. रोज. एक रिंग आणि बंद. मी उचलायची नाय. पंधरा वर्सां. तो वाजलो की मी चाय ठेवतंय.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “त्या दिसा वाजलो नाय. माका वाटला, मी बायर आसताना मिसकॉल येवन गेलो आसतलो. फोन हातात घेतलंय नाय. चाय ठेवलंय आणि पिलंय.”

तिने फ्रेम उलटी करून ठेवली.

“धा वाजता फोन इलो तेव्हा बघलंय. मिसकॉल नव्हतोच.” मग म्हणाली, “पोरांक सांगूक नाय अजून. तुका पयल्यांदा सांगतंय.”

डॉक्टरांचा तो ‘कदाचित’ जिभेवर आला, मी तो गिळून टाकला.

तिने फ्रेम उचलून माझ्या हातात परत दिली. “ही घरात नको. वहीत तेनी शिकवल्यानी तशी रेघ मार आणि खरां लिव. तुज्याकडे वही तरी आसा, रामचंद्रा. मी रेघ खय मारू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तनयामॅडमच्या टेबलावर वही उघडली. सहा चाळीसच्या नोंदीवर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: ‘सुपरवायझर गेटवर आले नाहीत. मी पाहिले नाही. न पाहता लिहिले.’ सही केली, तारीख घातली. मॅडमचा चेहरा उतरला. तुम्हाला मेमो मिळेल, त्या म्हणाल्या, कदाचित जास्तही काही. मी म्हटलं, मिळू दे. फ्रेम त्यांच्या कपाटापाशी ठेवून बाहेर आलो.

मेमो मिळायला आठवडा लागला. तोवर मी ड्यूटीवर होतो. त्याच्या पुढच्या सकाळी सायबांची राउंडची वेळ झाली तशी, लवकर बोलावलेल्या स्वप्नीलला गेटवर उभं करून मागे गेलो. भिंतीच्या बाहेरून चाललो. कुंपण पाहिलं. पत्रे हलवून पाहिले. जाळी वाकून पाहिली. काजूच्या झाडाखाली कुणीतरी दोन फुलं ठेवली होती, ती सुकली होती. तिथे उभा राहून मी सॅल्यूट केला, कारण सायबांना तो कुणीच दिला नव्हता. ॲम्ब्युलन्स मागच्या मागेच गेली होती. मग चालत पुढच्या गेटवर आलो. सहा चाळीस झाले होते.

पावणेसातची बस समोरून गेली. मी जाऊ दिली. खिशातून फोन काढला आणि पार्सेचा नंबर लावला. एक रिंग द्यायची आणि बंद करायचा, एवढंच ठरवलं होतं.

काकीने पहिल्याच रिंगला उचलला.

“पुरो झालो?” तिने विचारलं.

“झालो, काकी,” मी म्हटलं. “सगळा बघून इलंय.”

तिने फोन ठेवला नाही. पलीकडे तिने स्टोव्ह पेटवल्याचा, भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग मला रडू आलं. स्वप्नीलसमोर, गेटवर, युनिफॉर्ममध्ये उभ्याउभ्या.