गाळलेला शब्द

मॅनेजर खुर्चीमागे येऊन उभा राहिला की तिला शिसारीच यायची. मोबाइलवर घड्याळ लावायचं आणि वर साळसूदपणे म्हणायचं, "घाबरू नका हं ताई, दीर्घ श्वास घ्या." अरे बाबा, तुझाच श्वास मानेवर येतोय, आणखी कुठला घेऊ?

औषधाच्या खोक्यांत घालायची माहितीपत्रकं त्या छापखान्यात छापत. मूळ कागद तिनं मोठ्यानं वाचायचा, समोर तपासनीस काकांनी छापील प्रतीवर पेन्सिल फिरवत चुका पकडायच्या. आठ वर्षं बिनबोभाट चाललं होतं. ती अडखळली की काका हलक्या आवाजात तिच्याबरोबर वाचू लागायचे; दोन आवाज जुळले की तिची जीभ सुटायची, मग ते गप्प व्हायचे. घरी भाच्याशी बोलताना तर तेवढीही गरज नसायची. पण हा मागे आला, की जीभ अडलीच!

आज त्यानं फर्मान काढलं होतं: पान चार मिनिटांत. काकांनी तोंड उघडायचं नाही. जमलं नाही, तर उद्यापासून ताई खाली, खोकी चिकटवायला.

तिनं वाचायला घेतलं. 'प' तिचा जुना वैरी. "प्... प्..." "प्रौढांनी!" मॅनेजर मागून ओरडला. दाराशी कोणीतरी फिदीफिदी हसलं. पुढे पुन्हा 'प' दिसला, तशी ती तो शब्दच गिळून पुढे सटकली.

"तीन पन्नास! पास!" मॅनेजरनं टाळी वाजवली. तिला त्या टाळीची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

"थां... थांबा. मी एक शब्द गाळला. प्... प्..."

"पाणी हवंय का?" मॅनेजर मध्येच म्हणाला.

तिनं हात वर केला. "माझा शब्द मीच म्हणेन." मग जोर लावलाच नाही. ओठ अलगद टेकवले, लागेल तितका वेळ घेतला. "पाव. लहान मुलांना पाव गोळी."

काकांची पेन्सिल मागे आली. छापील ओळीत 'पाव' नव्हतंच. लहान मुलांना गोळी, अख्खी. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

मॅनेजर मोबाइलकडे बघत होता. "ते ठीक आहे हो. पण पाच मिनिटं झाली की!"

"झा... झाली," ती म्हणाली. घाईत आणखी काय काय गिळलं गेलंय कोण जाणे, म्हणून तिनं पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.