चौदा नंबरचा तुकडा

गोऱ्याचा मळा आम्ही ताब्यात घेतला, तेव्हा रातिद्झो वहिनी खांद्यावर कुदळ घेऊन माझ्यापुढे चालत होती. तिचा नवरा गारिकाई आणि मी एकाच गावचे. त्यानं चौदा नंबरचा तुकडा धरला, मी शेजारचा पंधरा. पुढे जिल्ह्याच्या कचेरीतून दोघांना पत्रं मिळाली. जमीन सरकारची, कसायची परवानगी तुमची, एवढंच त्यात होतं.

एकोणीस वर्षं त्या कागदावर निभली. मग गारिकाई छातीच्या दुखण्यानं गेला. वहिनी एकटी मका पिकवू लागली.

तिसऱ्या वर्षी हरारेहून मुसोंझा साहेब आले. सत्ताधारी पक्षातलं वजनदार माणूस. हातात त्याच तुकड्याचं नवं पत्र, स्वतःच्या नावाचं.

"साहेब, जागा चुकलात. इथं माणूस राहतंय," वहिनी म्हणाली.

"पत्र ज्याच्या नावावर होतं तो मेला, बाई."

"तो मेला. मग मी काय भूत आहे?"

साहेब हसले आणि माझ्याकडे आले. कागद टाईप करूनच आणला होता: चौदा नंबर तीन वर्षं पडीक आहे. शेजारी म्हणून माझी सही हवी होती. कुंपणापलीकडे वहिनीचा मका डोक्याएवढा उभा होता, कणसं भरत आलेली.

"तुझंही पत्र त्याच कचेरीतलं ना रे?" साहेबांनी गोड आवाजात विचारलं.

मी सही केली.

दहा दिवसांनी पोलीस आले. वहिनीच्या घराचं छप्पर पेटवलं. "मका तरी काढू द्या," म्हणत वहिनी पायवाटेवरच बसली. दोन पोलीसबायांनी तिला उचलून गाडीत घातलं. आम्ही शेजारी बांधावर उभे होतो. कुणी हललं नाही. मका साहेबांच्या माणसांनी काढला.

सुगीनंतर सायकलवर मक्याचं पोतं बांधून मी मुरेवा गावी तिच्या बहिणीकडे गेलो. वहिनी अंगणात शेंगा फोडत होती.

"भाऊजी, सही केलीत तेव्हा कागद वाचला होता?"

नाही म्हणता आलं असतं.

"वाचला होता."

तिनं मान हलवली. बहिणीला मला पाणी द्यायला सांगितलं. मी उतरवलेलं पोतं स्वतःच उचलून पुन्हा सायकलवर ठेवलं, दोरीला घट्ट गाठ मारली आणि परत शेंगा फोडायला बसली.

तो मका आमच्या घरी महिनाभर पुरला.