ओइवाच्या अंगणातले गरम स्टिअरिंग

मित्रांनो, मी एका जुन्या पांढऱ्या मोटारीचे स्टिअरिंग आहे. साधे नव्हे, गरम होणारे. माझ्या कातड्याखाली केसाएवढ्या बारीक तारांची जाळी आहे. शेजारचे छोटे बटण दाबले की दोन मिनिटांत मी कोमट होतो आणि पाच मिनिटांत चांगला गरम. एवढेच माझे कसब. ज्यांच्या गावात हिवाळाभर स्वेटर कपाटातच राहतो, त्यांना याचे हसू येईल. लोक मला चैनीची वस्तूच म्हणत आले आहेत. माझी हकिगत ऐका आणि मग काय म्हणायचे ते म्हणा.

माझा जन्म पोलंडमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्यावरचे कातडे हाताने शिवतात. बोझेना नावाच्या बाईने मला शिवले. दोन सुया, एक लांब दोरा आणि बोटांच्या टोकांना गुंडाळलेल्या चिकटपट्ट्या, एवढ्यावर तिचे काम चालायचे. शिवून झाल्यावर तिने वीज जोडून मला तपासले आणि गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ दोन्ही हातांत धरून ठेवले.

"सोड गं आता त्याला. तुझ्यासाठी नाहीये ते," शेजारची बाई म्हणाली.

मग मला खोक्यात घातले. बोझेना मला पुन्हा कधी दिसली नाही.

मी ज्या मोटारीला लागलो, ती फिनलंडच्या पार उत्तरेला, लॅपलँडमधल्या एका लहानशा नगरपालिकेकडे गेली. तिथे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची औषधे, जखमा, आंघोळ बघणाऱ्या परिचारिका असतात. त्यांच्यासाठी पालिकेने सहा गाड्या घेतल्या. पाच साध्या होत्या. सहावी दुकानात नमुना म्हणून मांडलेली होती, म्हणून स्वस्तात मिळाली. ती माझी गाडी. म्हणजे मी तिथे पोचलो तो कुणी मुद्दाम मागवल्याने नव्हे, चुकून.

गाडी विर्वे नावाच्या परिचारिकेला मिळाली. विर्वे पन्नाशीची, रुंद खांद्यांची, फटकळ तोंडाची बाई. दिवसाला सहा-सात घरे आणि दोनशे किलोमीटर. हिवाळ्यात बाहेर उणे तीस. पहिल्या दिवशी तिने बटण चुकून दाबले. थोड्या वेळाने हात उचलून बघितले, परत ठेवले आणि एकटीच मोठ्याने म्हणाली, "अरे वा! पंचवीस वर्षं नोकरी केली, तेव्हा कुठे कुणीतरी माझा हात धरला!"

माझ्या कष्टाची वर्षे ती हीच. आणि सुखाचीही. विर्वे गाडीतून उतरायची ती गरम हात घेऊन. त्या हातांनी ती कुणाच्या पाठीला मलम लावायची, कुणाच्या पायाची पट्टी बदलायची. गाडीत बसल्यावर फोनवर बहिणीला सांगायची, "अगं, ती हिल्या आजी म्हणते, बाकीच्या बायका येतात तेव्हा अंगावर बेडूक चढल्यासारखं वाटतं. तुझे हात मात्र भट्टीतल्या पावासारखे. मी तिला सांगितलंच नाही, हे गाडीचं पुण्य आहे म्हणून!" असे ऐकले की मला माझ्या तारांचे सार्थक वाटायचे.

मग आमच्या फेरीत ओइवा आला.

ओइवा त्र्याऐंशी वर्षांचा होता. गावापासून अठ्ठावन्न किलोमीटरवर, रस्ता जिथे संपतो तिथे एकटा राहायचा. बायको वारली होती. चौतीस वर्षे त्याने जंगलात यंत्राच्या करवतीने झाडे पाडली होती. त्या करवतीच्या थरथरीने त्याच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या कायमच्या बिघडल्या होत्या. जरा गारवा लागला की त्याची बोटे मेणबत्तीसारखी पांढरी व्हायची आणि त्यांत काहीच जाणवायचे नाही. लॅपलँडमध्ये गारवा लागायला लाकडे आणायला अंगणात गेले तरी पुरते. शर्टाची बटणे त्याला लावता येत नसत. कॉफीचा कप हातातून सुटायचा, आणि फुटल्याचा आवाज आला की त्याला कळायचे.

त्याला मधुमेह होता. विर्वे मंगळवारी आणि शुक्रवारी त्याची साखर तपासायला जायची. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, एवढेच काम. पण पांढऱ्या बोटांतून थेंब येईना. एका मंगळवारी तिने चार बोटे टोचली, तरी काही नाही. गरम पाण्यात हात बुडवायची सोय नव्हती, कारण पूर्वी एकदा त्याने तसे केले होते आणि पाणी कढत आहे हे न कळल्याने कातडी सोलून निघाली होती.

"ओइवा, अंगावर कोट घ्या आणि चला माझ्याबरोबर," विर्वे म्हणाली.

"कुठे नेतेस? पुरायला? जमीन गोठलीय पोरी, खणता यायची नाही."

तिने त्याला चालकाच्या जागेवर बसवले, स्वतः शेजारी बसली, इंजिन चालू केले आणि माझे बटण दाबले. ओइवाने मला धरले. मित्रांनो, इतके थंड हात मी कधी अनुभवले नव्हते. जणू दोन लाकडे कुणी माझ्यावर ठेवली होती. मी जेवढे जमेल तेवढे तापलो. सातव्या-आठव्या मिनिटाला त्याच्या एका बोटाच्या मुळाशी तांबूस रंग आला. मग हळूहळू तो वर चढला.

"मुंग्या येतायत," तो म्हणाला. त्याचा चेहरा दुखण्याने वाकडा झाला होता, पण तो हसत होता. "ए पोरी, बोटं आहेत की गं मला!"

विर्वेने सुई टोचली. लालभडक थेंब आला.

त्या दिवसापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तेच. ओइवा कोट चढवून पायरीवर तयारच असायचा. डोळे अधू झाल्याने त्याचा गाडी चालवायचा परवाना दोन वर्षांपूर्वी गेला होता. मला धरून तो समोरच्या लाकडाच्या राशीकडे बघत बसायचा.

"बोल, कुठे सोडू तुला?" तो विचारायचा.

"स्पेनला. समुद्रावर."

"लांब आहे. कॉफी आणलीयस का?"

ती थर्मासमधली कॉफी ओतायची. तो कप स्वतःच्या बोटांनी धरायचा आणि एक थेंबही सांडायचा नाही. दहा मिनिटे. कधी बारा. मग तो घरात जाऊन बटणे स्वतः लावायचा, आणि विर्वे पुढच्या घराकडे निघायची. दोन हिवाळे असे गेले.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर विर्वेचा साहेब यार्मो एका बैठकीला जायला आमच्या गाडीत बसला. स्वच्छ माणूस, मऊ आवाजाचा. त्याने मांडीवरचा संगणक उघडला.

"विर्वे, मंगळवारी नऊ पंचावन्न ते दहा सात. इंजिन चालू, गाडी उभी. शुक्रवारी परत तेच. सगळ्या गाड्यांचं कळतं आम्हाला. काय करतेस तू तिथे?"

"ओइवाचे हात शेकते. त्याशिवाय रक्त येत नाही."

"कामांच्या यादीत हात शेकणं नाहीये."

"मग घाला की यादीत."

"गाडी म्हणजे काय अंग शेकायची सौना-खोली आहे? आणि तो चालकाच्या जागेवर बसतो? परवाना नसलेला माणूस? त्यानं गिअर टाकला तर?"

"तर लाकडाच्या राशीला धडकेल. लाकडं त्याचीच आहेत."

यार्मो हसला नाही. "हे बघ, मी काही वाईट माणूस नाही. पण बाकीच्या पाच जणी विचारतात, हिलाच का गरम स्टिअरिंग? एकीला चैन आणि पाच जणींना नाही, हे बरोबर आहे का?"

"मग पाचही जणींना द्या!" विर्वेने मला इतके घट्ट आवळले, की माझे टाके ताणले गेले. "साहेब, एकदा माझ्याबरोबर या. एक मंगळवार. त्याची बोटं बघा आणि मग बोला."

"बघू," तो म्हणाला आणि संगणक मिटला.

तो आला नाही. पंधरा दिवसांनी विर्वेला साधी गाडी मिळाली, आणि सर्वांना समान वागणूक म्हणून माझी गाडी कचेरीकडे गेली. कचेरीकडे म्हणजे यार्मोकडे. शिवाय लांबच्या घरांच्या फेऱ्या कमी केल्या गेल्या. ओइवाचा मंगळवार पडद्यावर गेला. त्याच्या स्वयंपाकघरात एक पाटीएवढा पडदा बसवला. ठरल्या वेळी तो वाजणार, त्यातून कचेरीतली परिचारिका दिसणार आणि तब्येत विचारणार. साखर फक्त शुक्रवारी बघायची.

यार्मोचे घर कचेरीपासून दोन किलोमीटरवर. दोन्हीकडे गाडी ठेवायला गरम खोली. तो जाड कातडी हातमोजे घालून मला धरायचा. माझे बटण त्याने त्या हिवाळ्यात एकदाच दाबले, तेही राजधानीतून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला. "गरम स्टिअरिंग आहे बरं का," तो म्हणाला. "छान आहे," पाहुणे म्हणाले. सगळ्यांच्याच हातांत मोजे होते. मी कुणासाठी तापलो होतो, कोण जाणे.

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी तो जेवायला घरी निघाला होता. बाहेर उणे छत्तीस. गाडीतला फोन वाजला. कचेरीतली केर्तू बोलत होती.

"ओइवाला इस्पितळात नेलंय. बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला सापडला तो, बारा वाजता. पायरीवर बसला होता."

"बाहेर? का?"

"गाडीची वाट बघत. मंगळवार ना आज. आता शुक्रवारीच येणार असं विर्वेनं त्याला चारदा सांगितलं होतं म्हणते, पण वयामुळे गोंधळ होतो त्याचा. गेले दोन मंगळवार म्हणे थोडा वेळ बसून आत गेला होता. आज उठताच आलं नाही."

"पडद्यावर फोन केला नव्हता का?"

"केला ना. दहाला, सव्वादहाला, साडेदहाला. रिकामं स्वयंपाकघर दिसत होतं. 'उत्तर नाही' असं लिहिलं. साहेब, हात फार वाईट आहेत म्हणतायत. बोटं काढावी लागतील."

यार्मोने गाडी कडेला घेतली. मला वाटले, आता हा मोजे काढेल, कपाळावर हात मारेल, निदान त्या म्हाताऱ्याचे नाव तरी घेईल.

"मंगळवार बंद झाल्याचा कागद त्याला पाठवला होता ना?" त्याने विचारले. "त्यावर सही आहे ना त्याची?"

"आहे. वाकडीतिकडी आहे."

"असू दे. फायलीत आहे ना? बस."

आणि त्याने सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता. मी त्याच्या हातांत होतो, मला हात कळतात. त्याची पकड सैल झाली होती.

मार्चमध्ये विर्वेची गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून एका दिवसापुरती तिने माझी मागून घेतली. ओइवाला इस्पितळातून वृद्धाश्रमात न्यायचे होते. तो शेजारच्या जागेवर बसला. फार वाळला होता. उजव्या हाताची तीन बोटे आणि डाव्या हाताची दोन गेली होती. उरलेल्यांची टोके काळपट होती.

विर्वेने इंजिन चालू केले आणि माझे बटण दाबले.

"हीच ती गाडी ना?" ओइवाने विचारले.

"हो."

"माझंच चुकलं गं. तू सांगितलं होतंस. पण दहा वाजले की वाटायचं, विर्वे काही मंगळवार चुकवायची नाही."

विर्वे रडली नाही. तिने माझ्यावरचा आपला एक हात काढला. मग तिने त्याचा डावा हात उचलून माझ्यावर ठेवला.

"आता लवकर शेकून होईल," तो म्हणाला. "कमी राहिलीत."

ती हसेल म्हणून तो थांबला. ती हसली नाही.

मी तापलो, मित्रांनो. असेल नसेल तेवढी शक्ती लावली. दहा मिनिटे झाली. बारा झाली. त्या दिवशी कुणीही घड्याळ बघत नव्हते.

"झालं का गं गरम?" ओइवाने विचारले.

"हो. मघाशीच झालंय."

"असं का," तो म्हणाला. "मला काही कळत नाही." आणि त्याने हात काढून मांडीवर ठेवला.

विर्वेने त्या उन्हाळ्यात नोकरी सोडली. ओइवाची चौकशी झाली, म्हणजे त्याच्या फायलीची झाली. कुणाचा दोष निघाला नाही. कामांच्या यादीत मात्र एक नवी ओळ आली : 'थंडीत बाहेर बसू नये, अशी सूचना ग्राहकास द्यावी.' यार्मोला नवी गाडी मिळाली. मी आता जुन्या गाड्यांच्या बाजारात उभा आहे. गाडीच्या काचेवर कागद लावला आहे, त्यावर किमतीखाली लिहिले आहे : 'आरामाची जादा सोय – गरम स्टिअरिंग.' येणारे-जाणारे बटण दाबून बघतात, हसतात आणि पुढे जातात.

मला घ्या, असे मी म्हणत नाही. माझे सांगणे वेगळे आहे. मित्रांनो, तुमची वाट बघणारे एखादे माणूस कुठेतरी पायरीवर बसत असेल. तुम्हाला यापुढे जायचे नसेल, जमणार नसेल, तर तसे त्याला सांगा. पण कागद पाठवून नको. एकदा जाऊन, समोर बसून, त्याचे हात हातांत घेऊन सांगा. ते किती थंड आहेत हे कळल्यावर कदाचित तुम्हाला सांगवणारच नाही.