पिंप गळत नाही

मित्रांनो, मी एक जुना मेंदू आहे. घाबरू नका, मी बरणीत नाही. निदान अजून तरी नाही. सर्बियातल्या एका डोंगराळ गावात लाकडी पिंपं बनवणारा वुकाशिन म्हणून एक म्हातारा आहे, त्याच्या कवटीत माझा मुक्काम असतो. जागा अंधारी आहे. मी आजवर उजेड पाहिलेला नाही. उजेड असतो, असं डोळे कळवतात. मी विश्वास ठेवतो, दुसरं काय करणार?

माझा जन्म वुकाशिनबरोबरच झाला. लहानपणी माझ्यात वाटाच वाटा होत्या, पायवाटांचं नुसतं जंगल. ज्या वाटेने निरोप रोज धावले ती रुंद झाली, जिथे कोणी फिरकलं नाही ती मी बुजवून टाकली. गणिताची अशीच बुजली. पिंपाला लोखंडी कडं ठोकायची वाट मात्र हमरस्ता झाली. माझा डावा भाग उजवा हात चालवतो आणि उजवा भाग डावा हात. ही उलटी व्यवस्था कोणी केली माहीत नाही, मला विचारलं नव्हतं. विजेच्या कणभर ठिणग्या तंतूंवरून धावतात. दोन पेशींमध्ये फट आली की निरोप औषधासारखा थेंबाथेंबाने पलीकडे टाकावा लागतो. चटका बसला की हात मागे घ्यायचा निर्णय तर पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू माझ्या आधीच घेतो. मला नंतर कळतं. तरी शिव्या देण्याचं काम माझ्याकडेच येतं.

माझं सर्वांत नावाजलेलं काम म्हणजे उलट उत्तर. डाव्या कानशिलाच्या आत शब्दांचा कारखाना होता, आणि तो मुख्यतः एकाच व्यक्तीसाठी चालायचा. ती म्हणजे वुकाशिनची मेहुणी यागोदा. तिच्या लग्नात त्याने पिंप भेट दिलं होतं. ते गळतं, असं ती तेव्हापासून म्हणते.

"दाजी, तुमच्या पिंपातून जेवढी दारू सांडली, तेवढी आमच्या घरात कोणी प्यायलंही नाही!"

"मग पिंपाने प्यायली असेल. तुझ्या घरात त्यालाच जरा अक्कल आहे," तो म्हणायचा. लोक टाळ्या द्यायचे. माझं नाव कोणी काढत नसे. लोक 'वुकाशिनची जीभ तिखट' म्हणायचे. जीभ! तो तर मांसाचा तुकडा.

मला स्वतःला वेदना होत नाही. माझ्यात दुखण्याची सोयच नाही, म्हणून माझ्याकडे येणारं संकट पाय न वाजवता येतं. माझ्या डाव्या बाजूला रक्त आणणारी एक नळी होती. तळलेली चरबी, तंबाखू आणि मीठ यांनी तिच्या आत थर धरला. रक्तदाबाची गोळी वुकाशिन फक्त डॉक्टरांकडे जायच्या दिवशी घ्यायचा, त्यांचा मान राखायला. शरद ऋतूत एके सकाळी त्याचा उजवा हात बधिर झाला. चहा थंड व्हायच्या आत परत आला. "अंगाखाली आला असेल," तो बायकोला, दरिंकाला म्हणाला. हात अंगाखाली आला नव्हता. कोणीतरी दार ठोठावून गेलं होतं.

मग संत निकोलाचा दिवस आला, त्यांच्या घराण्याचा सण. घरात पाहुणे मावेनात. मासे तळल्याचा धूर झाला म्हणून कोणीतरी खिडकी उघडली, आणि दार तर उघडंच होतं. या सणाला यजमानाने बसायचं नसतं. तो दिवसभर उभा राहून पाहुण्यांचं बघतो. मेणबत्ती पेटली. वुकाशिन आणि त्याचा लग्नातला साक्षीदार मिलोये यांनी सणाचा गोल पाव चार हातांत धरला आणि फिरवायला सुरुवात केली.

आणि माझ्या डावीकडे अंधार झाला.

अंधार मला नवा नव्हता. हा वेगळा होता. आधी हाताची गल्ली विझली, मग ओठांची, मग कारखाना. पाव एका बाजूने कलला. त्यावर ओतलेली लाल वाइन पांढऱ्या टेबलक्लॉथवर पसरली. सगळे आशीर्वादाच्या शब्दांची वाट पाहत होते. मी कारखान्यात ओरडलो, आतून एकच शब्द घरंगळत आला.

"झाकण," वुकाशिन म्हणाला.

मग मिलोयेने मोठ्या आदराने ग्लास उचलला. "झाकण!" सगळ्या खोलीने ग्लास उचलले. "झाकण! झाकण!" ज्या माणसाने जन्मभर पिंपं केली, त्याने असं काही खोल बोलावं, याचं पाहुण्यांना कौतुक वाटलं.

तेवढ्यात त्याच्या ओठाचा उजवा कोपरा खाली घसरला.

"खिडकी कोणी उघडली?" दरिंका किंचाळली. "आरपार वारा लागला ह्याला!"

मित्रांनो, त्या मुलखात माणसं युद्धाला भीत नाहीत, समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांना भितात. तुमच्याकडेही लकव्याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात ना? वाऱ्याची बदनामी सगळीकडेच. धडाधड खिडक्या लागल्या. उघडणारा कोण, यावर मोठी चौकशी बसली. एका काकूने आलुबुखाराच्या दारूत फडकं बुडवून त्याच्या तोंडाला गुंडाळलं. तो लटपटला, तर दोघांनी बगलेत धरून उभा केला. यजमान बसतो कसा?

आत माझ्या पेशी मरत होत्या. आवाज न करता, रांगेने. एकीत मधमाश्यांचा वास होता. तिच्या शेजारचीत 'आई' हा शब्द. हाताच्या गल्लीत हातोडीचं वजन होतं. आणि बाहेर माझ्या रक्षणासाठी खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबले जात होते.

यागोदा स्वयंपाकघरातून माशाचं ताट घेऊन आली. टेबलक्लॉथवरचा लाल डाग पाहून तिला राहवलं नाही. "अरे वा दाजी! पिंप गळकं, पाव गळका, आता मालकही गळका!"

कोणी हसलं. ती उत्तराची वाट पाहत राहिली. मी काळोख्या कारखान्यात एकेक दार ठोठावत होतो. आत कोणीच नव्हतं.

ताट टेबलावर आपटलं. "दरिंका, हे गप्प आहेत!"

"बरं झालं की," मिलोये म्हणाला. "सणाच्या दिवशी तरी—"

"गाढवा, हा माणूस माझ्या आईच्या मयतीत मला उलटं बोलला होता! वाऱ्याने काय होतंय, डोक्यात बिघडलंय! गाडी काढ!"

"अगं, मेणबत्ती विझायच्या आत यजमान घराबाहेर? अपशकुन होतो," मिलोये म्हणाला.

"मेणबत्ती बघायला बाकीचे आहेत. इथे माणूस विझतोय."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, सुरू कधी झालं? "पाव फिरवताना," यागोदा म्हणाली. औषध लागू पडण्याचा वेळ थोडा उरला होता. हाताच्या शिरेतून औषध आलं, नळीत अडकलेली रक्ताची गाठ विरघळली, रक्त पुन्हा वाहू लागलं. मिलोयेच्या गाडीत घालवलेल्या वेळेबद्दल माझी तक्रार नाही. टॉवेलांच्या वेळेबद्दल आहे.

गेलेल्या पेशी परत आल्या नाहीत. हातोडी आता भिंतीवर टांगलेली आहे. कारखान्याच्या जागी राख आहे, पण शेजारच्या पेशी, ज्यांनी जन्मात शब्द घडवला नव्हता, त्या रडतखडत ते काम शिकल्या. कारण यागोदा रोज यायची, पलंगाजवळ खुर्ची ओढायची आणि तेच म्हणायची, "दाजी, पिंप गळतं." मग थांबायची. आम्ही आत वाट खणायचो. रोज संध्याकाळी ती बुजायची.

वसंतात एके दुपारी तो तोंड उघडून बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, "पिंप... गळत नाही. तू... पितेस."

यागोदा ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून उठली आणि खिडकी बंद करून आली.

गोळी आता तीच त्याच्या जिभेवर ठेवते आणि गिळेपर्यंत हलत नाही. तरी उजवीकडच्या नळीतही थर आहे. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, मी ऐकलं. मी दिवस मोजत नाही.

मित्रांनो, कोणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, किंवा आशीर्वादाच्या जागी झाकण आलं, तर खिडकी शोधू नका, दवाखाना गाठा. आणि हे सगळं आपण डोळ्यांनी वाचलं, अशा भ्रमात राहू नका. डोळे नुसते निरोपे. वाचत होतं ते आत, अंधारात बसलेलं कोणीतरी. त्याला दुखत नाही, त्यामुळे ते हाक मारणार नाही.