मुकादम बाहेर?

आमच्या बोक्याचं नाव मुकादम. काडीचं काम करत नाही आणि लक्ष मात्र सगळ्यांच्या कामावर, म्हणून ह्यांनीच ते ठेवलं. आमचा धंदा खुर्च्या-सोफे मढवायचा. रस्त्याकडची मोठी खोली म्हणजे कारखाना, मागच्या खोल्या म्हणजे घर, आणि मधल्या दाराला कडी लागल्याचं मला तरी आठवत नाही. सांगाडा, स्प्रिंगा, पट्टे हे बघतात. कापड, शिवण आणि दाभण माझ्याकडे. मुकादम कापसाच्या पोत्यावर बसून आम्हा दोघांना बघतो, आणि त्याला कुणी विचारलं तर दोघंही कामचुकार आहेत असंच सांगेल.

मला मांजरांची आवड नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला त्यातली समजाल. बोका आणला लेकीनं. कॉलेजात होती तेव्हा एकदा जॅकेटची चेन उघडली आणि आतून हा निघाला, चिंब ओला, मूठभर. "आई, थोडे दिवस राहू दे गं." थोडे दिवस! पुढे ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि हा आमच्या उरावर राहिला. मखमलीवर केस, रिळांचे दोरे घरभर, नव्या कापडाच्या गठ्ठ्यावर तर साहेब आधी लोळणार आणि मग आम्ही कात्री लावणार. मी दिवसभर त्याच्या नावानं खडे फोडते. तो ऐकून घेतो आणि जांभई देतो.

संध्याकाळी मात्र मी हातशिलाईला बसले की हा टेबलाखाली येतो आणि माझ्या पावलांवर आडवा होतो. हिवाळ्यात आमची फरशी बर्फासारखी असते. बोटं सुन्न होतात, पण पाय गरम राहिले की हात चालतो. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात?

आता एक रीत सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. मोठ्या खुर्चीच्या पाठीत पोकळी असते. पुढून कापूस, मागून कापड आणि मध्ये रिकामी जागा. मागचं कापड सगळ्यात शेवटी लागतं. मुकादमला ती पोकळी म्हणजे माहेर. ठोकाठोक कितीही चालू दे, हा आत ढाराढूर. हातोड्याच्या आवाजातच वाढलेला, त्याला त्याचं काय! म्हणून पाठ बंद करायच्या आधी हे मोठ्यानं विचारतात, "मुकादम बाहेर?" मी मान वळवून बघते, तो पोत्यावर दिसला की म्हणते, "बाहेर." मग कापड ताणायचं. इतक्या वर्षांत ही रीत कधी चुकली नाही.

यंदा हिवाळ्याच्या सुट्टीत लेक आली ती हातात एक नवीकोरी टोपली घेऊन. झाकणाची, पुढे जाळीचं दार असलेली. मी म्हटलं, "हे काय, भाजी आणायला?"

"मुकादमसाठी आहे. नवीन घरमालकीण मांजर ठेवू देते. जाताना नेते मी त्याला. सुटशील तू एकदाची!"

माझी नजर आधी पोत्यावरच्या मुकादमकडे गेली. आणि तोंडानं मी काय म्हणाले असेन? "बरं झालं बाई. मखमल तरी स्वच्छ राहील." ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा स्प्रिंगेत डोकं घातलं. मला ओळखून आहेत, पण मध्ये पडायची टाप नाही.

मग मी एक ठरवलं. जायचाच आहे ना, मग आत्तापासून सवय केलेली बरी. मी त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं. लेक उन्हं वर येईपर्यंत लोळत असायची आणि हा तिच्या पोटावर पाय पसरून. ती चहाचा कप हातात घेऊन खिडकीच्या धुरकट काचेवर बोटानं रेघा काढायची, हा पंजा मारून त्या पुसायचा, दोघांचा नुसता दंगा. मी भांडी घासत भिंतीकडे बघायचे. संध्याकाळी टेबलाखाली आला की पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांड्यावर ठेवायचे. पहिल्या दिवशी तो बराच वेळ खाली बसून राहिला, मग निघून गेला. माझे पाय गारठले ते गारठलेच.

सुट्टीसाठी कारखाना बंद करायच्या आधी एकच खुर्ची द्यायची राहिली होती, मोठ्या बाईंची. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि माझी लेकही. आता निवृत्त झाल्यात, पाठदुखीनं बेजार आहेत. उंच पाठीची त्यांची आरामखुर्ची आम्ही पार सांगाड्यापासून नवी केली होती. सुट्टीला पाहुणे यायच्या आत घरी पोचली पाहिजे, अशी त्यांची ताकीद होती. आणि बाईंची ताकीद म्हणजे या वयातही माझे तळवे घामेजतात.

त्या सकाळी घाईच होती. टेम्पोवाला दारात येऊन हॉर्न मारत होता. मी टेबलाशी पाठमोरी, दाभणात दोरा ओवत होते. ह्यांनी मागचं कापड उचललं आणि विचारलं, "मुकादम बाहेर?"

"बाहेर," मी म्हणाले. मान वळवलीच नाही. वळवून बघायचं नाही, हेच तर मी मनाशी पक्कं केलं होतं.

ह्यांनी कापड ताणलं, कडेला खिळे मारले. मी दाभण घेऊन बारीक टाक्यांनी कड शिवून काढली. सुंदर शिवली, माझं मलाच कौतुक वाटलं. टेम्पो गेला, ह्यांनी खुर्ची पोचवून शटर खाली ओढलं आणि आमची सुट्टी सुरू झाली.

जेवायला बसलो तेव्हा लेकीनं मुकादमचं ताट वाजवलं. ताट वाजलं की जिथे असेल तिथून तो धावत येतो, आजवर कधी चुकला नाही. आला नाही. तिनं पुन्हा वाजवलं. मग ती कारखान्यात जाऊन आली, पलंगाखाली वाकून आली, कपाटं उघडून आली. "बाबा, शटर उघडं होतं तेव्हा बाहेर तर नाही ना गेला?" आणि तशीच चप्पल घालून, स्वेटर न घालता रस्त्यावर पळाली.

सगळी दुपार आम्ही हेच केलं. बंद दुकानांचे बोळ, उभ्या गाड्यांच्या खाली, कोपऱ्यावरच्या बेकरीच्या मागे. "मुकादम! मुकादम!" म्हणून ओरडत फिरणारी तिघं माणसं बघून लोकांना वाटलं असेल, यांचा पगार घेऊन कुणीतरी पळालाय. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. घरातला बोका, पोत्यावरचा. असल्या थंडीत त्याचं काय होणार, हा विचार मनात आला की मी आणखी मोठ्यानं हाका मारायचे.

ऊन कलल्यावर घरी आलो. लेकीचं नाक लाल झालं होतं. तिनं टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोलून गेली, "तुझं काय जातंय आई. तुला तो नकोच होता. इतक्या दिवसांत एकदा तरी बघितलंस का त्याच्याकडे?"

माझं डोकं सणकलं. "नको होता? अगं, मला तो जाऊच द्यायचा नव्हता! तू टोपली घेऊन आलीस तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बघितलं असतं तर सोडवला असता का माझ्याच्यानं? म्हणून नाही बघितलं! सकाळी हे विचारत होते तेव्हासुद्धा नाही बघि..."

आणि मी तिथेच थांबले. ह्यांच्या हातातला कप टेबलावर आपटला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. ह्यांनी उचलला. मोठ्या बाईंचा आवाज असा की फोन त्यांच्या कानाला आणि ऐकू आम्हा सगळ्यांना.

"खुर्ची गुरगुरते आहे."

ह्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नवी स्प्रिंग आहे बाई, बसेल हळूहळू."

"स्प्रिंग शिंकते का रे? आत्ता शिंकली!"

मी कात्री आणि दाभण पिशवीत टाकलं. बाईंच्या घरापर्यंतचा रस्ता मी कसा चालले ते विचारू नका. चालले कसली, पळत होते. गुदमरला असेल, घाबरला असेल, मीच शिवला त्याला, स्वतःच्या हातांनी शिवला. लेक माझ्या बाजूनं पळत होती, हे मागून.

दार शेजारणीनं उघडलं. बाई खुर्चीत ताठ बसलेल्या, समोर हिटर. "मी उठले नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं उठले आणि बिचारा घाबरला तर? जेवण झाल्यापासून पाठीला ऊब लागतेय. मला वाटलं, काहीतरी नवीन सोय केलीत. बरं वाटत होतं हो!"

ह्यांनी त्यांना हात देऊन उठवलं. मी खुर्चीच्या मागे गुडघ्यांवर बसले. आतापर्यंत किती शिवणी उसवल्या असतील, पण इतक्या सावकाश कधी नाही. कात्रीचं टोक कुठे त्याला लागायला नको, म्हणून एकेक टाका उचलून कापला. फट मोठी झाली तसे आतून दोन डोळे दिसले. मग मिशा, मिशांना कापूस. मग साहेब सावकाश बाहेर आले, पुढचे पाय ताणले, मागचे पाय ताणले आणि खोलीची पाहणी करायला लागले.

"मेल्या, ओरडता येत नव्हतं तुला?" मी त्याला धरला, छातीशी लावला आणि रडायला लागले. अगदी भोकाड पसरून, मोठ्या बाईंच्या समोर! त्याच्या अंगाला नव्या कापडाचा वास येत होता. बाई म्हणाल्या, "शाळेतसुद्धा तू अशीच रडायचीस," आणि शेजारणीला चहा ठेवायला सांगितला.

पाठ तिथेच पुन्हा शिवली. ह्यांनी या वेळी काही विचारलं नाही, कारण मुकादम लेकीच्या जॅकेटात होता, चेनीतून डोकं बाहेर काढून. लहानपणी बसायचा तसाच.

परत येताना दिवे लागले होते. लेक म्हणाली, "आई, राहू दे त्याला तुझ्याकडे. मला खरंच माहीत नव्हतं गं."

खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मी टुणकन उडी मारली. जिंकले! पण तिचा एक हात जॅकेटवरून त्याच्या पाठीवर फिरत होता, तो काही थांबत नव्हता.

"तिथे संध्याकाळी करमतं का तुला?" मी सहज विचारलं.

"करमतं की." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "सकाळी निघताना टीव्ही चालूच ठेवते. परत आल्यावर कुलूप काढताना आतून आवाज आला की बरं वाटतं."

 आमच्या घरात दिवसभर हातोडा असतो, मशीन असतं, हे असतात. दुसरं काही नाही तर भांडायला तरी माणूस आहे. आणि माझी पोर टीव्हीचा आवाज ऐकायला कुलूप उघडते.

दुसऱ्या दिवशी कारखाना बंद असूनही मी मशीनवर बसले. टोपलीचं माप घेतलं. चांगल्यातला कापूस पिंजला, त्याची गादी केली, कडेला गोट लावला, आणि वरून हिरवी मखमल मढवली. तीच मखमल, जिच्यावर बसला म्हणून वर्षभर त्याचा उद्धार केला. लेक दारात उभी राहून बघत होती.

"आई, मी म्हटलं ना, राहू दे इथे."

"घेऊन जा," मी म्हटलं. "आणि तो टीव्ही बंद करत जा, फुकट वीज जळते."

ती आली आणि मागून माझ्या गळ्यात पडली. सुट्टीच्या उरलेल्या संध्याकाळी मी पाय उचलले नाहीत. तो पावलांवर येऊन झोपायचा आणि मी काम नसताना उगाच काहीबाही शिवत बसायचे. निघायच्या दिवशी टोपलीत आपल्या पायानं शिरला, गादी तुडवून बघितली आणि गोल होऊन झोपला. गाडी हलली तेव्हा लेकीनं हात हलवला. त्यानं नाही.

सुट्टी संपली, शटर वर गेलं. पहिलं काम एका दवाखान्याच्या मोठ्या खुर्चीचं आलं. दुपारपर्यंत सगळं झालं, पाठ तेवढी राहिली. ह्यांनी कापड उचललं आणि सवयीनं हाक दिली, "मुकादम बाहेर?"

दिली आणि जीभ चावली. कापड हातात धरून तसेच उभे राहिले.

मी दाभण ठेवलं. उठले, खुर्चीमागे गुडघ्यांवर बसले आणि पोकळीत खांद्यापर्यंत हात घातला. एक कोपरा चाचपला, दुसरा चाचपला. नुसतं लाकूड आणि कापूस.

"बाहेर," मी म्हणाले.