अठरा, आठ आणि कुसुमावतीचा लाल

मी एक जुना पितळी काटा आहे, मित्रांनो, आणि खोटा आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच डोक्यावर घेणार नाही मला.

महाल नावाच्या जुन्या वस्तीत, बाबनरावांच्या घरी मी रंग तोलत असे. ते आणि त्यांची बायको कुसुमावती विणकरांचं सूत रंगवून देत. पुडी मी तोलायची, पातेलं कुसुमावतीने सांभाळायचं. तिच्या हातचा लाल उमरेडपर्यंत ओळखला जाई. विणकर कौतुक करत तेव्हा ती पदराने घाम पुसत हसायची, आणि मलाही वाटे, यात आपलाही थोडा वाटा आहे.

एका दिवाळीच्या साफसफाईत मी खुंटीवरून फरशीवर आपटलो. दांडीचं एक टोक तुटलं. बाबनरावांनी बरंच आत नवं भोक पाडून पारडं टांगलं आणि त्या बाजूला पासंग म्हणून शिशाचा तुकडा बांधला. रिकामा मी अगदी सरळ दिसू लागलो. पण आखूड हात तो आखूडच. तीच पुडी एका पारड्यात अठरा ग्रॅम भरे, दुसऱ्यात आठ.

बाबनरावांनी डोकं चालवलं. "अठरा अन् आठ सव्वीस. निम्मे तेरा. झाला न्याय!"

पुडी बाराच ग्रॅमची होती, मित्रांनो.

तेरा समजून बाराच पडत गेले आणि लाल फिका होऊ लागला. नव्या सुताचा जुन्याशी मेळ बसेना. लुगड्याचा पदर एक, किनार दुसरीच. विणकर सूत परत आणू लागले.

"मी तं दोन्हीकडून तोललं," बाबनराव म्हणाले. "तुयाच हाताचा गुण गेला वं!"

"काहून म्हणता असं? पातेलं तेच, आच तेच. काटाच पाहा ना एकदा."

"काटा सरळ आहे."

तिने तीन वेळा पुन्हा रंगवलं. तिन्ही वेळा मी फसवलं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण काट्याला वाचा कुठली? चौथ्या दिवशी तिने पातेलं पालथं घातलं ते कायमचं. काम गेलं, महाल सुटला. हुडकेश्वरच्या दोन खोल्यांत मी पलंगाखाली धूळ खात पडलो.

आठ वर्षांनी त्यांच्या मुलीने, ऋतुजाने, मला बाहेर काढलं. ती गणितात एम.एस्सी. करते, सरासऱ्यांवर वर्गात बोलायचं होतं तिला. बाबनरावांनी अठरा-आठची आपली जुनी रीत अभिमानाने सांगितली. तिने वही-पेन पुढे ओढलं.

"बाबा, हा काटा एकीकडं दीडपट सांगते, दुसरीकडं तेवढ्याच पटीनं कमी. इथं गुणाकाराचं वर्गमूळ घ्या लागते. अठरा गुणिले आठ, एकशे चव्वेचाळीस. वर्गमूळ बारा. आकडे दोन वेगळे असले का बेरजेचं निम्मं त्याच्याहून नेहमी जास्तच येते."

"वर्गमूळ-बिर्गमूळ मले नको सांगू."

"मंग निम्मंच करत जा. एकशे चव्वेचाळीसले तेरानं भागा."

बाबनरावांनी भागलं, अकरा पॉइंट शून्य आठ आले. तेरा आणि या आकड्याच्या बेरजेचं निम्मं बारा पॉइंट शून्य चार. एकशे चव्वेचाळीसला त्याने पुन्हा भागलं, अकरा पॉइंट शहाण्णव. वरचा आकडा खाली येत होता, खालचा वर चढत होता, आणि मधे बारा त्यांची वाट पाहत होते. बाबनरावांचं पेन थांबलं.

"अशाही सरासऱ्या असतात," ऋतुजा हळूच म्हणाली, "का आकड्यांचा घात वाढवत नेला तं शेवटी सगळ्यात मोठ्याचंच चालते."

"माह्यावानी. घरात माहंच चाललं," बाबनराव म्हणाले.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. कुसुमावती ताट डोळ्यांजवळ धरून तांदूळ निवडत होती. मधुमेहाने तिची नजर पार अधू झाली आहे.

"तुया हात बरोबर होता वं. माहाच हिशेब चुकला."

तिने ताट खाली ठेवलं. "तवाच सांगतलं होतं मी तुमाले," ती म्हणाली. "आता कोन्ता लाल अन् कोन्ता तपकिरी, मले दिसतच नाही."

मित्रांनो, काटा एकदा पडला तर तो रिकामा सरळ दिसतो एवढ्यावर जाऊ नका. माणसाच्या हाताला बोल लावण्याआधी दुसऱ्या काट्यावर एकदा तोलून पाहा. महालात आमच्या शेजारीच किराणा दुकान होतं आणि तिथला काटा चांगला होता. तिथवर जायला बाबनरावांना दोन मिनिटं लागली असती.