लाकडावरची साक्ष

काचेच्या पेटीत अकरा मासे होते: सात लाल, तीन काळे, एक पांढरा. पेटीची चौकट लोखंडी. कोपऱ्यात, पाण्याखाली, विजेची तार भरलेली एक काचेची नळी. १९६३ च्या थंडीत पाणी गार पडून दोन मासे दगावले, तेव्हा बापूसाहेबांनी हा हीटर स्वतः बनवला आणि नळीचं तोंड बूच व लाखेनं बंद केलं. जठारपेठेतल्या या निवृत्त वकिलांना त्याचा भारी अभिमान.

नाताळच्या सुट्टीत त्यांची लेक अनुपमा अकोल्याला आली. अमरावतीच्या कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची. सकाळी पाहते तर आई, कौशल्याबाई, पूजेआधी ओलेत्यानं, अनवाणी, माशांना कणी घालत होत्या. पाण्याला बोटं लागली आणि त्यांनी हात झटकला.

"काय झालं वं, आई?"

"झिणझिण्या येऊन राहिल्या आठ दिवसांपासून. तुहे बाबा म्हणतात, वात आहे."

"वातच आहे," बापूसाहेब म्हणाले. "मी रोज हात घालतो. मले काहून काही होत नाही?" आणि त्यांनी कोपरापर्यंत हात बुडवून दाखवला.

अनुपमानं त्यांच्या पायांकडे पाहिलं. सागवानी खडावा. घरात त्यांवाचून ते पाऊल टाकत नसत. तिनं आधी धावत जाऊन बटण बंद केलं.

शेजारच्या शफीभाईंच्या रेडिओ-दुकानातून तिनं मीटर आणला. सगळ्यांना दूर उभं करून मीटरची एक तार पाण्यात सोडली, दुसरी जमिनीतून वर आलेल्या पाण्याच्या लोखंडी नळाला लावली, बटण दाबलं. काटा एकशे चाळीस व्होल्टवर. लाख मऊ होऊन नळीत पाणी शिरलं होतं.

"तुमची साक्ष चालत नाही, बाबा. तुमी लाकडावर उभे होते."

बापूसाहेबांनी कौशल्याबाईंचा हात हातात घेतला, बोटं एकेक करून पाहिली. आठ रात्री याच बोटांना त्यांनी कोमट तेल चोळलं होतं.

"मी वात म्हणत राहिलो."

"म्हणा ना. वात नसून तेल लावून घेतलं, माहं काय गेलं?"

हीटर फेकला. पेटी विटांवर चढवून खाली, कोरड्यात, चाळीस वॅटचा दिवा लावला. लोखंडी चौकटीला अर्थिंगची तार जोडून ती जमिनीत पुरली. बापूसाहेबांनी बटणाशी कागद चिकटवला: 'आधी बटण, मग हात.'

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई कणीची वाटी घेऊन आल्या. बापूसाहेब खडावा दाराशी काढून पेटीपुढे वाट अडवून उभे राहिले.

"थांब. आधी तिले मोजू दे."

अनुपमानं तारा लावल्या. पाणी ते नळ: शून्य व्होल्ट. पाण्याचं तापमान चोवीस अंश. मासे अकरा.